चौथ्या ओळीतला आकडा

१

ताईची गाडी मीच निवडून दिली होती. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे कोणी मला विचारायला नको.

ज्योतीताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी नववीत शाळा सोडली तेव्हा ती रागावली नाही. माझा हात धरून शहरातल्या पंडरी भागात मारोतीभाऊंच्या गॅरेजवर घेऊन गेली आणि म्हणाली, "भाऊ, ह्याले बोलता येत नाही जास्त, पण ह्याचे हात चांगले हायेत." दोन्ही गोष्टी खऱ्या. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा श्वास आत जातो, छातीत दाबून बसतो आणि शब्द काही पेट घेत नाही. गाड्यांना मात्र बोलावं लागत नाही.

त्याला अकरा वर्षं झाली. मागच्या दिवाळीत ताई आणि संग्रामभाऊजींनी त्यांची पहिली गाडी घ्यायचं ठरवलं. भाऊजी रेल्वेत आहेत, त्याच शहरात गुढियारीत राहतात. मी एक जुनी पण कमी चाललेली गाडी शोधली. लहानशी, पेट्रोलवरची, तीन सिलिंडरची. बोनेट उघडून पाहिली, खाली झोपून पाहिली, विधानसभेच्या रस्त्यावर पळवून पाहिली. "एक नंबर हाय," मी भाऊजींना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही.

जानेवारीत ताईचा फोन आला.

"विकी, गाडी झटके मारून राहिली रे. चारपाच दिवस झाले."

"आणून सोडा गॅरेजवर."

"सोडू. आनखी एक. पिंकीले गाडीत बसलं का दम अटकते. घरी काही नाही, शाळेत काही नाही. गाडीत बसली का बोलता बोलता अशी थांबते. डॉक्टर म्हणते, सीटच्या धुळीची अ‍ॅलर्जी असन."

"सीट धुऊन देतो."

"रविवारी सकाळी नऊला निघाचं हाय नागपूरले. दिराचं साक्षगंध हाय. पाह्य बाबा, मधात कुठं बंद नको पडाले. ट्रकच ट्रक रायते त्या रस्त्यानं."

पिंकी सात वर्षांची आहे. तिला मराठी सगळी समजते, पण शाळा हिंदी, म्हणून उत्तर ती हिंदीत देते. फोनवर मागून तिचा आवाज आला, "मामा, सीट मत धोना, गीली हो जाएगी."

२

शनिवारी सकाळी गाडी आली. चालू केली तर स्टिअरिंगवर ठेवलेला हात मधूनच हलायचा. नियमाने नाही. चालता चालता एखाद्याचा पाय अडखळावा तसं. आम्ही ह्याला मिसिंग म्हणतो. सिलिंडर हवा आणि पेट्रोल आत ओढतो, दाबतो, ठिणगी पडते, पेट होतो, धूर बाहेर जातो. हे चार टप्पे. ओढलं, दाबलं आणि पेट झालाच नाही, की एक ठोका चुकतो. आताच्या गाडीतला कॉम्प्युटर हे चुकलेले ठोके मोजत बसतो. कोणत्या सिलिंडरने किती चुकवले ते त्याला माहीत असतं. आपण स्टिअरिंगच्या खाली स्कॅनर लावायचा आणि वाचायचं.

मी वाचलं. चौथ्या सिलिंडरमध्ये मिसिंग.

"भाऊ," मी म्हटलं, "चौथा दाखवते."

मारोतीभाऊ दुसऱ्या गाडीखाली होते. "मग चौथा पाह्य."

"तीनच हायेत."

ते बाहेर आले, हात पुसले, आणि इंजिनवरच्या ठिणगी देणाऱ्या तीन कॉइल, एका सिलिंडरला एक, बोटाने मोजल्या, पंगतीत पोरं मोजावीत तशा. मग स्कॅनरकडे पाहिलं. "ह्याले चहा पाज आधी. झोपीत हाय."

मीही तेच समजलो. आमचा स्कॅनर सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना चालतो आणि कधी कधी भलतंच मॉडेल धरतो. मी स्कॅनरच्या यादीत मागे गेलो, गाडीचं बरोबर नाव निवडून पुन्हा आत शिरलो. ठोके मोजायचं पान उघडलं. चार ओळी होत्या. पहिल्या तीनसमोर शून्य. चौथीसमोर १३७.

असंही होतं. पान चार सिलिंडरसाठी बनवलेलं असतं आणि रिकाम्या ओळीत काहीतरी कचरा आकडा पडून राहतो. मी तो पाहत उभा राहिलो. इंजिन एकदा अडखळलं.

१३८.

३

आकडा कचऱ्याचा असता तर तो झटक्याबरोबर वाढला नसता. पण मी शिकलेला माणूस नाही, म्हणून मी डोकं चालवत नाही, क्रम चालवतो. क्रम कधी फसवत नाही.

इंजिन चालू ठेवून पहिल्या कॉइलची पिन काढली. इंजिन लगेच लंगडं झालं. म्हणजे पहिला काम करत होता. पिन परत लावली. दुसऱ्याची काढली, लंगडं. तिसऱ्याची काढली, लंगडं. जो सिलिंडर मेलेला असतो, त्याची पिन काढल्याने काही फरक पडत नाही. इथे तिघेही जिवंत होते, सारखे जिवंत.

प्लग काढले. तिन्ही कोरडे आणि बदामी, असायला पाहिजेत तसे. तिन्हींचा दाब मोजला, सारखा आला. कॉइल एकमेकांच्या जागी बदलून पाहिल्या. दोष पार्टमध्ये असेल तर तो पार्टबरोबर जागा बदलतो. काही बदललं नाही. मी पिन काढून चुकवलेले ठोके सोडले, तर पहिल्या तीन ओळींत एकही वाढला नाही.

दुपारपर्यंत चौथी ओळ ४०६ झाली होती.

"तिन्ही ठीक हायेत," मी भाऊंना सांगितलं.

"मग मिसिंग कोण मारून राहिलं? तू?"

मी हसलो. मग मला हसू आवरावंसं वाटलं.

४

भाऊंची एक जुनी रीत आहे. हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घ्यायचा, त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. लोखंडातून आतला आवाज सरळ डोक्यात येतो. आता ही रीत कोणी करत नाही. मला ती आवडते, कारण त्यात डोळे मिटता येतात.

पहिल्यावर टेकवला. टक, टक, टक. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मी कान काढणार होतो, पण मग टोक आणखी पुढे सरकवलं, तिसऱ्याच्या पलीकडे, गिअरबॉक्सच्या बाजूला. तिथे इंजिन संपतं. तिथे भरीव लोखंड आहे आणि त्यावर एका बोल्टने अर्थिंगची वायर कसलेली आहे. बाकी काही नाही. मी ही इंजिनं कितीतरी वेळा सुटी करून पाहिली आहेत.

आधी नुसती घरघर होती. मग तिच्या खाली एक हळू आवाज. हवा ओढल्याचा. मग दाबल्याचा. आणि मग काहीच नाही.

पुन्हा ओढली. दाबली. काही नाही.

हा आवाज मला ओळखीचा होता. कोणीतरी बोलायला म्हणून श्वास घेतं आणि बोलत नाही, तेव्हा असा आवाज येतो. मी डोळे उघडले. गॅरेजमध्ये ऊन होतं, शेजारी टायरवाल्याच्या दुकानात रेडिओ लागला होता. मी पेचकस भाऊंच्या हातात दिला आणि जागा दाखवली. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"मले ह्या कानानं कमीच येते आता," ते म्हणाले. मग त्या बोल्टकडे बोट केलं. "पण हे पाह्य. अर्थिंग खराब हाय. पांढरं साचलं. ह्याच्यानं मिसिंग येते."

ते अगदी बरोबर होतं. अर्थिंग कच्चं असलं की कॉम्प्युटर वेड्यासारखं काहीही वाचतो. नसलेला सिलिंडरही वाचेल. मला इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. मी बोल्ट खोलला. त्याच्याखाली मीठ साचावं तसं पांढरं साचलं होतं. पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासलं, वायरचं टोक घासलं, बोल्ट पूर्ण जोर लावून कसला.

गाडी चालू केली. ५२३ वर आकडा थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. स्टिअरिंगवर हात ठेवला तर गाडी चालू आहे की बंद, कळेना. मी कोड, म्हणजे कॉम्प्युटरने धरलेली दोषाची नोंद, पुसून टाकला. चारही ओळी शून्य झाल्या. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला.

भाऊंनी पाठीवर थाप मारली. "तुझ्या बहिणीले सांग, डोळे मिटून जाय म्हणा नागपूरले."

पेचकस पुन्हा लावून ऐकावं असं मला एकदा वाटलं. मी तो फळीवर ठेवून दिला.

५

रविवारी साडेसातला मी गाडी घेऊन गुढियारीला गेलो. थंडी होती. गाडी एका दमात सुरू झाली होती, पण घरच्यांना घेऊन जाण्याआधी एक मोठा फेरा मारावा असं माझ्या मनात होतं. ताई पोळ्या बांधत होती, भाऊजी दाढी करत होते. पिंकी तयार होऊन दारात बसली होती, दोन वेण्या, लाल स्वेटर.

"मामा, मैं भी चलूँगी."

"जाऊ दे तिले," ताई आतून म्हणाली. "इथं नुसती मधात मधात करून राहिली. दम अटकला तं लगेच वापस आण."

पिंकी मागे बसली, डावीकडे. मी पट्टा लावून दिला. स्कॅनर माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला, चारही ओळी दिसतील असा. काचा बंद होत्या. ती काचेवर हा करून धुकं करायची आणि त्यात बोटाने काहीतरी काढायची. आणि बोलत होती. साक्षगंधात, म्हणजे काकाच्या साखरपुड्यात, कोण कोण येणार, होणाऱ्या काकूची साडी कशी आहे, शाळेतली एक मुलगी कशी खोटं बोलते. एकदाही थांबली नाही. मी आरशातून तिच्याकडे बघत होतो. तिचा श्वास इंजिनासारखाच चालला होता, न अडखळता.

"दम नाही अटकला आज?" मी विचारलं.

"नहीं. आज तो अच्छा लग रहा है."

०, ०, ०, ०.

मला ताईला फोन करावासा वाटला. मी स्वतःहून कोणाला फोन करत नाही.

६

फाफाडीह चौकात सिग्नल लाल होता. मी गिअर काढला, क्लच सोडला, आणि इंजिन बंद झालं.

घाबरायचं काही नव्हतं. ह्या गाडीत तशी सोयच आहे. सिग्नलला थांबलं की पेट्रोल वाचवायला इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की सुरू होतं. इंजिनमध्ये दोष असला, पिवळा दिवा लागलेला असला, की ही सोय काम करत नाही. मी दोष काढला होता, म्हणून ती पुन्हा सुरू झाली होती. ती माझ्या कामाची पावती होती.

"मामा, चाचा ने बोला है कि नागपूर में—"

पुढचं आलं नाही.

मी आरशात पाहिलं. पिंकीचं तोंड उघडं होतं. बोट काचेवर टेकलेलं होतं. डोळे उघडे होते आणि कुठेच बघत नव्हते. तिच्यासमोरचं काचेवरचं धुकं काठाकडून आक्रसत आलं आणि गेलं. नवीन आलं नाही. लाल स्वेटरचा पुढचा भाग हलत नव्हता.

गाडीत इतकं शांत होतं की शेजारच्या रिक्षातला माणूस खोकलेला ऐकू आला. आणि मग माझ्या सीटच्या मागून, जिथे कोणी बसलं नव्हतं तिथून, कोणीतरी श्वास घेतला. लांब, सावकाश. खूप वेळ रांगेत उभं राहून ज्याचा नंबर आला आहे त्याने घ्यावा तसा.

मी मान वळवली. उजवीकडच्या मागच्या काचेवर धुक्याचा एक गोल होता. पिंकीचं तोंड पोचतं त्याच्याहून बराच वर, मोठ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. मी बघत असताना तो मोठा झाला.

मागून हॉर्न वाजला. माझा पाय आपोआप क्लचवर गेला. इंजिन सुरू झालं.

"—बहुत ठंड है," पिंकी म्हणाली. "स्वेटर वाली ठंड नहीं, शॉल वाली."

उजव्या काचेवरचा गोल मधोमध फाटला आणि विरून गेला.

७

मी ते बटण दाबलं, ज्याने ही बंद व्हायची सोय थांबते. मग गाडी वळवली.

रस्त्यात मी स्वतःला समजावत होतो. मुलं श्वास रोखून धरतात, त्यांना गंमत वाटते. थंडीत काचेवर धुकं येतंच. श्वासाचा आवाज बंद होणाऱ्या पंख्याचा असेल. प्रत्येक गोष्टीला एक कारण होतं आणि प्रत्येक कारण चांगलं होतं. फक्त त्या सगळ्या गोष्टी मिळून एका लाल सिग्नलइतका वेळ टिकल्या होत्या आणि हिरव्याबरोबर संपल्या होत्या.

भाऊ सांगतात, एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं तर फॉल्ट. दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय ग्राहकाला काही सांगू नको. दुसऱ्यांदा पाहणं सोपं होतं. चावी हाताशी होती. फिरवायची, पाच मोजायचे, परत फिरवायची. मी एकदा चावीला हात लावला. पिंकी गाणं म्हणत होती. मी हात काढून घेतला.

स्कॅनरवर चौथ्या ओळीत शून्य होतं. आदल्या दिवशी त्या शून्याने मला किती आनंद झाला होता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही की त्या पानावर चुकलेले ठोके मोजतात. शून्य म्हणजे तिथे काही नाही, असं नाही. शून्य म्हणजे आता एकही ठोका चुकत नाही. जे इतके दिवस ओढत होतं, दाबत होतं आणि पेटत नव्हतं, त्याला मी लोखंड घासून, बोल्ट कसून वाट करून दिली होती.

तो बोल्ट पुन्हा सैल करता येईल, असं मला वाटलं. पण चालू इंजिनात अर्थिंग सोडलं तर इंजिन बंद पडतं. नेहमी नाही. पण पडतं.

८

दारात सामान मांडून ठेवलं होतं. मी गाडी उभी केली आणि काच खाली घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"काय म्हणते गाडी?" भाऊजी म्हणाले.

"मिसिंग गेलं."

"वा. मंग बंद कर ना, डिक्की भरू दे. पेट्रोल काहून जाळून राहिला फुकटचं? दोनच दांड्या हायेत काट्याच्या."

मी श्वास घेतला. तो छातीत दाबून बसला.

"ऐकून राहिला का?" भाऊजी हसले, खिडकीतून आत वाकले आणि चावीकडे हात नेला. मी त्यांचं मनगट धरलं. भाऊजींच्या अंगाला मी कधी हात लावला नव्हता. तेही थांबले, मीही.

"हात काढा," मी म्हटलं.

"का झालं बे तुले?"

तेवढ्यात ताईने मागचं दार उघडलं होतं. तिला आमच्याकडे बघायला वेळ नव्हता. "चाल गं पोट्टे, बाथरूमले जाऊन ये आधी. मंग रस्त्यात थांबवशील." तिने पट्टा सोडला आणि पिंकीला काखेत धरून उचललं.

"मम्मी, मामा ने गाड़ी इतनी—"

ताई अर्धी आत, अर्धी बाहेर, तिला छातीशी धरून उभी राहिली. पिंकीची मान तिच्या खांद्यावर कलली. चपलेतले पाय सरळ लोंबले. ताईने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग तोंडापुढे हाताचा तळवा धरला.

"ताई, आत ठेव तिले," मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. "लवकर. सीटवर ठेव. गाडी बंद नाही कराची."

तिने ठेवलं. का, असं विचारलं नाही.

"—धीरे चलाई कि मैं बोर हो गई," पिंकी म्हणाली आणि काचेवर हा केलं.

ताईने तिच्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी आरशात तिला बघत होतो. तिची नजर पिंकीच्या डोक्यावरून पलीकडे गेली, माझ्या मागच्या काचेकडे, आणि तिथे थांबली. तिने काय पाहिलं ते तिने नंतर कधी सांगितलं नाही. मी वळलो नाही.

"अहो," ती भाऊजींना म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात. "तुम्ही स्कूटर काढा. मोरीजवळ पाच लिटरचा डबा हाय. पेट्रोल घेऊन या."

"डब्यात कायले? निघाल्यावर पंपावर भरू ना."

"पंपावर गाडी बंद करा लागते."

"मंग?"

"जा ना तुम्ही."

भाऊजींनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घरात गेले. डबा भिंतीला आपटल्याचा आवाज आला. स्कूटर सुरू झाली आणि गल्लीच्या तोंडाकडे गेली.

"विकी, किती वेळ चालन अशी?"

मी काट्याकडे पाहिलं. "उभ्या गाडीत सहा तास. सात."

तिने मान हलवली. मग ती आत शिरली, पिंकीला दाराकडे सरकवलं आणि स्वतः सीटच्या मधोमध बसली, त्या काचेकडे पाठ करून. दार ओढून घेतलं. मी माझी काच वर केली. पंखा बंद होता. इंजिनचा आवाज जवळजवळ येत नव्हता, इतकं ते गुळगुळीत चाललं होतं. पिंकीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ताई खाली वाकून तिच्या वेणीची रिबीन नीट करू लागली.

आरशात मला ताईची मान दिसत होती. मानेवरचे सुटे केस हळूच उडायचे, मग स्थिर व्हायचे. मग पुन्हा उडायचे.